कन्सोलचं नाव

आल्हादने तीच चूक तिसऱ्यांदा केली, आणि या वेळीही जाणूनबुजून केली.

चूक एका शब्दाची. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, कुणी काही बदललं की ते धड चालतंय का हे तपासणाऱ्या स्क्रिप्ट असतात. एक नवा प्रोसेसर त्या स्क्रिप्टना ओळखता यावा, एवढं काम त्याने अंगावर घेतलं होतं. त्यात मशीन ज्या कन्सोलवर, म्हणजे ज्या दारातून, बोलतं त्याचं नाव द्यावं लागतं, आणि याने मुद्दाम जुन्याच प्रोसेसरचं ठेवलं होतं. मग व्हायचं तेच होई. मशीन सुरू होऊन व्यवस्थित बोलत असे, स्क्रिप्ट भलत्याच दाराला कान लावून बसे आणि वाट पाहून पाहून शेवटी सांगे, मशीन मेलं.

या स्क्रिप्ट सांभाळणारी आभा. इथलीच, गंगापूर रोडची, त्याच्या वर्गातली. आता म्युनिकला असते. जाण्याआधी तिने त्याला दोनदा विचारलं होतं, "तुला काही बोलायचंय का?" आणि हा पठ्ठ्या दोन्ही वेळा "नाही गं" म्हणाला होता.

आता बोलायचं तर निमित्त हवं. वाढदिवस वर्षातून एकदाच येतो. पण काम पाठवलं की ते तपासून उत्तर देणं तिला भागच होतं. उत्तर सगळ्या जगाला दिसणाऱ्या मेलिंग लिस्टवर यायचं, इंग्रजीत, कुणा परक्याला लिहावं तसं. त्या कोरड्या तीन ओळींवर याचा आठवडा निघे. काम एकदा मंजूर झालं की त्या ओळीही बंद, म्हणून ही चूक. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करणार कोण?

"गेलं का रे ते तुझं?" समोर द्राक्षांचे मणी निवडत बसलेल्या गोदावरीबाईंनी विचारलं.

"आत्ताच पाठवलं, आई."

"परत नाही ना पाठवणार ती? सगळे तुला हुशार म्हणतात, आणि त्या पोरीला काही पसंतच पडेना."

आल्हाद हसला. दुपारी उत्तर आलं तेव्हा नेहमीसारखा अधाशासारखा वाचायला बसला.

या वेळी एकच ओळ होती. काम घेतलंय, आता पुन्हा पाठवायची गरज नाही, आभार.

त्याने घाईघाईने मंजूर झालेलं काम उघडून पाहिलं. काम घेणाऱ्याने स्वतः काही दुरुस्त केलं, तर खाली चौकटी कंसात नावानिशी तसं लिहायची या लोकांत रीत आहे. ते लिहिलेलं कायमचं राहतं, कुणालाही पुसता येत नाही. तिथे आभाने लिहिलं होतं: कन्सोलचं नाव दुरुस्त केलं. लेखकाला बरोबर नाव पहिल्यापासून ठाऊक आहे.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. दुरुस्त करायचंच होतं तर तिला पहिल्याच खेपेला करता आलं असतं. दोनदा तिने ते परत पाठवलं होतं. दोन्ही वेळा याने चूक तशीच ठेवली होती, आणि सोबत एक शब्दही लिहिला नव्हता.

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

"घेतलं म्हणाली."

"आता परत यायचं नाही ना?"

"नाही. आता नाही यायचं."

गोदावरीबाई उठून आत गेल्या. डब्याचं झाकण वाजलं. बाहेर येऊन त्यांनी त्याच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. तो इतके दिवस तिचं उत्तर आलं की गप्प गप्प व्हायचा, ते काय त्यांना दिसत नव्हतं?

"वणीच्या देवीला बोलले होते मी," त्या म्हणाल्या, "माझ्या पोराचं त्या मुलीकडचं काम एकदाचं संपू दे म्हणून. मंगळवारी ओटी भरून येऊ. तूही चल, तुझ्यासाठीच मागितलं होतं."

आल्हादने साखर तोंडात टाकली आणि येतो म्हणाला.