कॅमेरा बंद होता

शनिवारी दुपारी घरच्या लिनक्स सर्व्हरवरच्या जुन्या फायली काढून टाकताना त्याने टाइप केलेल्या कमांडमध्ये एक स्पेस जास्त पडली आणि अख्खी सिस्टिमच साफ झाली. त्याचं धाबं दणाणलं. दुसऱ्या गावात एकट्या राहणाऱ्या आईच्या खोलीतला कॅमेरा याच सर्व्हरला जोडलेला होता. वर्षापूर्वी ती पडली, तेव्हा चार तास कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतर त्याने हा कॅमेरा बसवला; तेव्हापासून ती मोबाइलवर खुर्चीत बसलेली दिसली, की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

"मी बोलले आईंशी, ठीक आहेत त्या," बायको म्हणाली. "तूही कर की एक फोन."

"फोनवर ती नेहमी ठीकच असते. डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं कळत नाही," असं म्हणून तो पेनड्राइव्ह लावून पुन्हा सिस्टिम टाकायला बसला. एक अडचण सुटली की दुसरी उभी राहायची. रविवारभर त्याला घास गोड लागला नाही.

सोमवारी सकाळी एकदाचं चित्र आलं. आई खुर्चीत बसली होती. त्याने लगेच फोन लावला.

"आई, दोन दिवस तुझा कॅमेरा बंद होता गं. माझ्याच हातून बिघडला."

"अगंबाई!" आई हिरमुसली. "म्हणजे शनिवार-रविवार मी रोजच्यासारखी इथे बसून तुझ्याशी बोलले, त्यातलं तू काहीच ऐकलं नाहीस?"



त्या कॅमेऱ्याला माइकच नव्हता.