थांबवलेला प्रोग्राम

दार उघडेना, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की ते आपणच थांबवलंय.

औषधांच्या गोदामातली शीतखोली. आत जाड कोट घातलेले गोदामाचे काका. बाहेर, दाराच्या काचेसमोर टेबल मांडून बसलेली ती, दारांचा प्रोग्राम सांभाळणारी. आतलं बटण कधीकधी ऐकतच नाही, ही काकांची तक्रार कितीतरी महिने चालली होती. प्रोग्राममध्ये चूक नाही, काकांच्या बोटांत जोर नाही, असं तिच्या साहेबांचं म्हणणं. त्यावरून गोदामात काकांची यथेच्छ थट्टा व्हायची.

म्हणून आज दोघांनी संगनमत केलं होतं. काकांनी आत जाऊन बटण दाबत राहायचं, आणि तिने चालू प्रोग्रामला डीबगर लावून टपून बसायचं. चूक झाली की डीबगर प्रोग्रामला आहे तिथेच थांबवतो आणि ती चूक पुढ्यात ठेवतो. प्रोग्राम जी चूक स्वतःच गिळून टाकतो, तीसुद्धा. झालंही तसंच. बटण दाबलं, चूक झाली, डीबगरने पकडली. एवढी हुशार बाई, पण प्रोग्राम थांबला की दारही थांबणार, हे साफ विसरली. हाताने उघडायची कडी नवी यंत्रणा बसवली तेव्हाच काढली होती. आता कशाला हवी, म्हणून.

पडद्यावर नुसता एक आकडा होता. बाहेरून लावलेल्या डीबगरला चूक आधी अशीच दिसते, तिचे शब्द प्रोग्रामच्या आतच राहतात. ती थांबलेल्या प्रोग्रामची मेमरी उपसत बसली. शेवटी वाक्य हाती लागलं. ‘आतल्या बटणाला उत्तर मिळाले नाही.’

काका खरं बोलत होते. तिला आनंद झाला, पण क्षणभरच. इकडे आड, तिकडे विहीर. प्रोग्राम सोडला तर तो हे वाक्य मुकाट गिळणार. धरून ठेवला तर काका गारठणार. फोटो काढून उपयोग नव्हता. मागे दुसऱ्या एका चुकीचा काढलेला फोटो साहेबांनी ‘तुझ्याच मशीनची गडबड’ म्हणून उडवून लावला होता.

तिने साहेबांना बोलावणं धाडलं आणि आतल्या फोनवर काकांना सगळं सांगितलं. दार उघडायचं तर चूक सोडावी लागेल, सोडते, म्हणाली.

“सोडू नकोस. आधी साहेबांना दाखव.”

“गारठाल हो काका.”

“पोरी, इतके दिवस खोटा ठरलोय. अजून पाच मिनिटांनी काय होतंय?”

साहेब आले. तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी वाक्य वाचलं. मग त्याखालची प्रोग्रामची ओळ वाचली, जिथे ती चूक पकडून, काहीही न करता, सोडून दिली होती. ती ओळ त्यांनीच कधीतरी लिहिली होती. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

“हे प्रोग्रामने सांभाळलंय,” ते म्हणाले. “सांभाळलं म्हणजे चूक नव्हे.”

काचेआड काका हात काखेत खुपसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, निकाल लागायची वाट बघावी तसे. ओठ निळसर पडले होते. तिला साहेबांचा मनस्वी संताप आला.

“सोड आता,” साहेब म्हणाले. “माणूस आत आहे.”

तिने सोडलं. आकडा गेला, वाक्य गेलं, प्रोग्राम पुन्हा सुरळीत चालू लागला. पडद्यावर नवी नोंद उमटली, ‘दार उघडले.’

“बघ, उघडलं,” साहेब पडद्यावरून नजर न काढता म्हणाले.

बंद दारामागे काका अजून बटण दाबत होते.