माघारी चाललेला टीव्ही

म्हाळसाबाईनं तिन्ही कार्डं सतरंजीवर ओळीनं मांडली आणि लेकाला विचारलं, "ह्यातलं मिक्सरचं कोणतं?"

सोनाजीनं पिवळ्या कार्डावर बोट ठेवलं. हप्त्यावर माल देणाऱ्या दुकानांची ती कार्डं. दर महिन्याच्या दहा तारखेला पैसे भरायचे आणि चौकटीत दुकानदाराची सही घ्यायची. गेल्या तीन महिन्यांच्या चौकटी तिन्ही कार्डांवर कोऱ्याच होत्या.

"मंग मिक्सर कुठंय?"

मोरीपाशी बसलेल्या सोनाजीच्या बायकोनं, बानाबाईनं, घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

"अन् हे कूलरचं ना? कूलर कुठंय?"

शेवटी सांगावंच लागलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत कंपनी अधूनमधून बंद राहिली, पगार कापला गेला, टीव्हीचा हप्ता थकला. तेव्हा त्यानं दुसऱ्या दुकानातून हप्त्यावर मिक्सर उचलला, खोका न उघडता निम्म्या किमतीत विकला आणि टीव्हीचे हप्ते भरले. पुढं मिक्सरचे हप्ते थकले, म्हणून कूलर उचलला. वाळूजच्या कारखान्यात केसाएवढी चूक पकडणारा हा गडी, पण हा हिशोब त्याला तेव्हा अगदी बरोबर वाटला होता.

म्हाळसाबाई पहाटेच्या एसटीनं कन्नडहून आली होती. 'टीव्हीचे हप्ते थकलेत, मेंढ्या वीक,' एवढीच चिठ्ठी लेकानं धाडली होती. अठरापैकी सहा मेंढ्या तिनं बाजारात दिल्या, पैसे कनवटीला लावले आणि निघाली. सुनेकडं मिक्सर आहे, कूलर आहे, हे गावात ती चार जणींना सांगून बसली होती.

"अजून एक वाट हाय, माय," सोनाजी म्हणाला. "नाक्यावर नवं दुकान उघडलंय. तिथून फ्रीज उचलला तर..."

"त्यो बी खोक्यातच ठिवनार का?"

"नाय तर सोसायटीचं कर्ज काढतो."

"त्याला जामीन लागत्यात म्हनं. कुनाला इचारलंस?"

कुणालाच विचारलं नव्हतं. जामीन मागायचा म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं, आणि पत्र्याच्या खोल्यांच्या त्या ओळीत सोनाजीला मान होता. पहिला टीव्ही त्याचा. चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या नावाची बातमी बघायला अख्खी ओळ त्याच्या खोलीत दाटीवाटीनं बसली होती. शेजारच्या साहेबरावनं डोळे पुसत पेढे वाटले होते आणि पहिला पेढा सोनाजीच्या हातावर ठेवला होता. त्यानंतर दोन महिन्यांत ओळीतल्या पत्र्यांवर आणखी चार अँटेना उभ्या राहिल्या. त्यातली एक साहेबरावची.

म्हाळसाबाई उठली. "ऐक. मिक्सर अन् कूलर तू इकून बसलास, ते काय माघारी येत नाय. त्येंचे पैसे म्या भरते. टीव्ही घरात हाय, त्यो माघारी जाईल. येतानाच दुकानात इचारून आले. भरलेलं बुडालं, पन फुडचं सुटलं."

सोनाजीला पैशाचं एवढं नव्हतं, पण त्या ओळीतून टीव्ही न्यायचा?

"व्हय, पन अंधार पडू दे. मंग नेऊ."

"रोगी मेंढरू आपन कवा बाहेर काढतो, सोन्या?"

त्याला ठाऊक होतं. रोगी मेंढरू दिवसाउजेडी बाहेर काढायचं, म्हणजे आजूबाजूचे कळपवाले बघतात आणि आपापली मेंढरं जपतात. अंधारात गुपचूप काढणाऱ्याला पुन्हा कुणी शेजारी उतरू देत नाही. बापानं त्याला हे सातव्या वर्षी शिकवलं होतं.

म्हाळसाबाईनं लुगड्याच्या पदराची चुंबळ केली आणि टीव्ही डोक्यावर घेतला. सोनाजीनं घाईघाईनं वरून घोंगडं टाकलं. तिनं ते एका हातानं ओढून काढलं.

"त्याला काय थंडी वाजती का?"

सुट्टीचा दिवस होता. नळावर गर्दी होती. पुढं म्हाळसाबाई मान ताठ ठेवून चालत होती, आणि मागं हातात अँटेना घेऊन सोनाजी. साहेबराव दारात बसून दाढी करत होता. आत त्याचा टीव्ही मोठ्यानं चालू होता.

"काय मावशी, बिघडला का? दुरुस्तीला निघालात?"

म्हाळसाबाई थांबली. हो म्हणाली असती तर काही बिघडत नव्हतं. पण ती डोक्यावरच्या ओझ्यासकट सावकाश वळली आणि लेकाकडं बघत राहिली. नळावरच्या बायाही बघायला लागल्या.

सोनाजीनं हातातली अँटेना खाली टेकवली.

"नाय, साहेबराव," तो म्हणाला. "चांगला हाय. माघारी द्यायला चाललोय. हप्ते झेपंनात."

नळाखालची घागर भरून वाहायला लागली तरी कुणी ती काढेना. मायलेक पुढं निघाली. कोपऱ्यावरचं पिठाच्या गिरणीचं वळण कधी येतंय असं सोनाजीला झालं होतं.

वळणावर मागून चपलांचा आवाज आला. साहेबराव धावत आला होता. अर्ध्या गालावरचा साबण तसाच. त्यानं आधी मागं वळून कुणी येत नाही ना ते पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"सोनाजीभाऊ," तो म्हणाला, "दुकानवाला खरंच घेतो का हो माघारी?"