निळ्या बोर्डाचा दिवा

टेबलावर तीन सर्किट बोर्ड मांडायचे, तिघांना दशांशांचं एकच लांबलचक गणित घालायचं आणि कुणाचा दिवा आधी लागतो ते बघायचं, हा दिगंबररावांचा संध्याकाळचा खेळ. जुना निळा बोर्ड हमखास शेवटी. त्याचा दिवा लागेपर्यंत बायकोनं चहा घेऊन शेजारी बसायचं, असा नियम होता.

“रेंगाळतोय मेला. टाकून द्या ना तो,” शैलाताई म्हणायच्या. दिवा लागला की अर्धा कप तसाच ठेवून कुकरकडे पळायच्या.

दिगंबरराव गेले. महिन्याभरानं त्यांचे मित्र पेंडसे बोर्ड न्यायला आले. दिगंबररावांच्या लॅपटॉपवरचा निळ्या बोर्डाचा प्रोग्रॅम वाचून ते चक्रावले.

“वहिनी, हा जुना आहे, पण इतका मंद नाही. याचं गणित केव्हाच सुटतं. दिवा उशिरा लागावा म्हणून दिगंबरनं याला मुद्दाम थांबायला लावलंय. शर्यतीत अशी लबाडी कशाला केली असेल त्यानं?”

शैलाताई निळ्या बोर्डावरून बोट फिरवत राहिल्या.

“बाकीचे दोन न्या, भाऊजी.”

पेंडसे गेल्यावर त्यांनी कुकरखालचा गॅस बंद केला, बोर्डाचं बटण दाबलं आणि चहा घेऊन त्या शेजारी बसल्या. दिवा लागला, तरी उठल्या नाहीत.