गॅलरीतून खाली

चंदनबाला घरातच पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. सांगलीत खाली मुलाचं हळदीचं गोदाम आणि वर घर. अरुंद जिन्यात स्ट्रेचर काही वळेना. तेव्हा गोदामात पोती उचलणारी फोर्कलिफ्ट चालवणारा नाथाजी म्हणाला, "मालक, मी गॅलरीला गाडी लावतो. आईस्नी अलगद खाली घिऊया."

दुसरा इलाज नव्हता. स्ट्रेचर फोर्कलिफ्टवरच्या लाकडी पॅलेटला घट्ट बांधलं. आईचा हात धरून शेजारी बसलेल्या श्रेयसला लाजेनं मेल्यासारखं झालं. खाली हमाल, शेजारी, दुकानदार जमले होते. आपली आई पोत्यासारखी उतरतेय, हे सगळी पेठ बघत होती.

पॅलेट जमिनीला टेकलं. एवढ्या कळा येत असतानाही चंदनबाला डोळे भरून रस्ता बघत राहिल्या. गुडघे गेल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. बस्तीत, जैन मंदिरात दर्शनाला ने म्हणाल्या, की श्रेयस दर वेळी म्हणायचा, "आई, जिना कसा उतरणार तू?"

त्यांनी लेकाचा हात दाबला. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"हे यंत्र आपल्याकडं कवापास्नं हाय रं?"

श्रेयसला आईच्या तोंडाकडं बघवेना.