वेल्हारीचा दुभाषी

"काय म्हणाले रे?" आजीनं विचारलं. "माझं नाव घेतलं की आत्ता."

"जेवलीस का, विचारतायत," वरद म्हणाला.

"जेवले म्हणून सांग त्यांना." आजी पदराला हात पुसत हसली.

खाटेवरचे आजोबा मात्र भिंतीकडे तोंड करून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "लीला कुठे आहे? ही बाई कोण?"

म्हणत होते ते वेल्हारीत. वेल्हार हा मुलुख कुठल्याच नकाशात नाही. शाळेत असताना वरदनं मित्रांशी खेळायला तो रचला होता. फासे टाकायचे, कुणी सरदार व्हायचं, कुणी चेटकीण, आणि गोष्ट पुढे न्यायची. मुलुख झाला, मग तिथली बोली नको का? शरच्चंद्र मास्तर, म्हणजे आजोबा, निवृत्तीनंतर रिकामेच होते. ते इरेला पेटले आणि शिव्यांपासून अंगाईपर्यंत अख्खी भाषा त्यांनी घडवली.

रविवारी बाहेरच्या खोलीत डाव मांडला की नियम एकच, वेल्हारीतच बोलायचं. मराठीचा शब्द निघाला की डाव गेला. चहासुद्धा वेल्हारीतच मागायचा. आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वाती वळत बसायची, "कसली बाई ही भुताटकीची भाषा" म्हणून नाक मुरडायची. भाकरी-शेंगाचटणीची ताटं तिनंच आणायची, आणि डावातल्या अवधूतला कधी बिनसाखरेचा चहा हवा असला तर तोही न चुकता वेगळा यायचा.

गेल्या महिन्यात आजोबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचं मराठी पुसलं गेलं. उरली ती वेल्हारी. असं होतं कुणाकुणाचं, एवढंच डॉक्टर म्हणाले. डावातले जुने गडी कुठल्या कुठे पांगलेले. मग वरदच सुट्टी काढून पुण्याहून सोलापूरला आला.

आल्या दिवशीच त्याला कळून चुकलं. आजोबांच्या डोक्यातली लीला तरुण होती. समोरची पिकल्या केसांची बाई त्यांना परकी वाटत होती. तिनं घास पुढे केला की ते अंग चोरायचे. साऱ्या जन्माची सोबत, आणि शेवटी ही ओळख! वरदचा जीव तुटायचा.

मग तो बिनदिक्कत खोटं बोलू लागला. "खिचडी छान झालीय म्हणतायत." "दमलीस, पड जरा, म्हणतायत." आजीचा चेहरा उजळायचा, आणि ते बघून त्याला आणखीच रडू यायचं.

आता सुट्टी संपत आली होती. तो गेला की आजोबांचे गोड शब्द आजीपर्यंत कोण पोचवणार? दुसरी कसलीही काळजी त्याला नव्हती.

"मी गेल्यावर कसं गं करशील?" त्यानं विचारलं.

"करेन की. आधी तरी कुठं फार बोलत होते माझ्याशी?" आजी वाटीतली पेज ढवळत म्हणाली. "तू जा, गोळ्या तेवढ्या आणून ठेव."

वरद चपला घालून निघाला. कोपऱ्यावर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, डॉक्टरांची चिठ्ठी घरीच राहिली. तो माघारी आला. दार नुसतं लोटलेलं होतं.

आतून आजोबांचा रडवेला आवाज आला, "लीला कुठे आहे?"

वरद दारातच थांबला. उत्तर आलं ते आजीच्या आवाजात, आणि वेल्हारीत. तेही इतकं सफाईदार, की त्याला स्वतःलाही कधी जमलं नव्हतं.

"लीलाबाई अक्कलकोटला गेल्यात, येतील संध्याकाळपर्यंत. तोवर मी भरवते, घ्या. आणि वरदसमोर हे सारखं विचारत जाऊ नका हो. माझ्यासाठी खोटं बोलावं लागतं पोराला."