मांडीचं हाड

एक्स-रेवर माप घेताना डॉक्टर रंजनीचा हात थबकला. तंजावरहून चेन्नईला आलेल्या तुकोजीकाकांच्या मांडीच्या हाडाची भिंत कागदासारखी झाली होती. याच काकांनी तिच्या डोळ्यांदेखत आईला जिन्यावरून ढकललं आणि पाय घसरला म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं. खुबा मोडलेली आई अंथरुणातच गेली. आता हाडात पकडीचं सिमेंट न भरता खुब्याचा कृत्रिम सांधा ठोकला तर हे हाड उभं चिरेल, कुणाला संशयही येणार नाही. "मॅडम, सिमेंट लागेल?" सहायकाने विचारलं. दात आवळून ती "हो" म्हणाली आणि वॉर्डात गेली. काकांजवळ तमिळमध्येच वाढलेले, मराठी जेमतेम कळणारे त्यांचे मुलगे उभे होते. "काका, ऑपरेशन मी चोख करीन. पण आई कशी पडली, ते आज यांना सांगायचं." काका मान खाली घालून पुटपुटू लागले. "मराठीत नको," रंजनी खुर्ची ओढत म्हणाली, "तमिळमध्ये सांगा. मुलांना सगळं कळलं पाहिजे."